सकाळी लागणारा, दुपारी विझणारा दिवा

मोटारीत चालकाच्या समोर जी पाटी असते, तिच्यावर अनेक लहान दिवे असतात. इंजिन तापले, तेल कमी झाले, दार नीट लागले नाही, की त्यांतला एखादा दिवा लागतो. अलीकडच्या मोटारींत त्यांच्या जोडीला आणखी एक पिवळा दिवा असतो. त्यावरचे चित्र मोठे मजेदार आहे. खाली दातेरी रेघ, दोन्ही बाजूंनी वर गेलेले बाक आणि मध्ये एक उद्गारचिन्ह. आमच्या अकलूजच्या घोडेबाजारात हिंडलेल्या मुलाला ते घोड्याच्या नालासारखे वाटेल. प्रत्यक्षात ते आडव्या कापलेल्या टायरचे चित्र आहे. चाकातली हवा कमी झाली की हा दिवा लागतो.

हा दिवा खरे बोलतो की खोटे, हे ओळखायचे कसे? प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर चुकले तर ते जिवावर बेतू शकते. एका जुन्या मोटारीच्या निमित्ताने आपण हा प्रश्न सोडवून पाहू या. त्यासाठी लागणारे बरेचसे पदार्थविज्ञान तुमच्या शाळेच्या पुस्तकातच आहे.

दिवा वेडा झाला?

माझा एक जुना विद्यार्थी पुण्याला नोकरी करतो. त्याने दोन दारांची, दोनच आसनांची एक जुनी स्पोर्ट्स मोटार विकत घेतली. मोटार २०१० साली तयार झालेली. डिसेंबर महिन्यात तो ती घेऊन अकलूजला आला. गळिताचा हंगाम जोरात होता आणि शंकरनगरच्या कारखान्याकडे उसाच्या गाड्यांची रांग लागली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मोटार सुरू केली आणि थोडे अंतर गेल्यावर तो टायरचा दिवा लागला. दुपारी पंढरपूरला जाऊन येताना पाहतो तो दिवा विझलेला! तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सकाळी दिवा लागे, दुपारी विझे.

त्याने फोनवर एक-दोघांना विचारले. एक म्हणाला, "जुनी गाडी आहे, सेन्सर गेले असतील. चारही बदलून टाका." दुसऱ्याचा सल्ला त्याहून सोपा होता : "दिव्यावर काळी पट्टी चिकटवा!" त्याच रात्री आईला घेऊन इंदापूरमार्गे पुण्याला परतायचे होते. जाता जाता तो मला भेटायला आला आणि हसत म्हणाला, "सर, माझ्या गाडीचा दिवा वेडा झालाय."

मी म्हटले, "जो रोज ठरावीक वेळी लागतो आणि ठरावीक वेळी विझतो, तो वेडा कसा? तो तर मोठा नियमित दिसतो. आज जाऊ नकोस. उद्या सकाळी गाडी हलवण्यापूर्वी चाकांतली हवा मोजू."

दाब मोजताना होणारी चूक

टायरमधील हवेचा दाब आपल्याकडे अजूनही 'पौंडां'त सांगतात. "पुढे ३२, मागे ३२ मार," असे आपण पंक्चरवाल्याला म्हणतो. त्याचा अर्थ, दर चौरस इंचावर ३२ पौंड वजनाइतका दाब. एका चौरस सेंटीमीटरच्या हिशेबाने तो सुमारे सव्वादोन किलो वजनाइतका होतो.

पण थांबा. चाक पूर्ण बसले आणि मापकाने शून्य दाखवले, म्हणजे आत हवा मुळीच उरली नाही काय? तसे नाही. आत बाहेरच्या इतकीच हवा आहे आणि तिचा दाब वातावरणाच्या दाबाएवढा आहे. मापक फक्त वातावरणापेक्षा जास्तीचा दाब दाखवतो. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब दर चौरस इंचाला १४.७ पौंड असतो. अकलूजसारख्या उंचावरच्या गावी तो थोडा कमी भरतो. हिशेब सोपा व्हावा म्हणून आपण तो १५ धरू. मग मापकावर ३२ दिसत असताना आतला खरा, म्हणजे निरपेक्ष दाब ३२ + १५ = ४७ पौंड असतो. पुढच्या सगळ्या हिशेबाची किल्ली ह्या पंधरात आहे.

आता तपमानाकडे वळू. आकारमान बदलू न देता वायू तापवला की त्याचा दाब वाढतो, निववला की घटतो. फ्रान्समधील आमोंताँ ह्या शास्त्रज्ञाने १७०२ च्या सुमारास हवेवर असे प्रयोग केले होते. पुढे ह्या नियमाला गे-ल्यूसॅक ह्या दुसऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाचे नाव मिळाले. नियम असा : निरपेक्ष दाब हा निरपेक्ष तपमानाच्या प्रमाणात बदलतो. निरपेक्ष तपमान म्हणजे सेल्सियस अंशांत २७३ मिळवून येणारा केल्विनमधला आकडा. टायरचे आकारमान फारसे बदलत नाही, म्हणून हा नियम त्याला बऱ्यापैकी लागू पडतो.

मी माझ्या विद्यार्थ्याला विचारले, "हवा केव्हा भरली होतीस?" तो म्हणाला, "दिवाळीच्या आधी. अकलूजला आलो होतो, तेव्हा इथेच पोचल्यावर दुपारी भरली. चारही चाकांत ३२."

पुण्याहून एवढे अंतर धावून आलेले टायर, त्यात दुपारची वेळ. टायरमधली हवा त्या वेळी सुमारे ५७ अंश तापलेली होती असे धरा. म्हणजे ५७ + २७३ = ३३० केल्विन. डिसेंबरमधली आमची पहाट १२ अंशांची, म्हणजे २८५ केल्विन. आता मांडा त्रैराशिक :

४७ × २८५ ÷ ३३० = ४०.६ पौंड (निरपेक्ष)

४०.६ − १५ = २५.६ पौंड (मापकावर)

पाहिलेत? हवेचा एक कणही बाहेर न जाता ३२ चे साडेपंचवीस झाले! ह्याशिवाय रबरातून हवा अगदी हळूहळू झिरपतच असते. चांगल्या टायरमधूनही महिन्याला साधारण एक पौंड दाब कमी होतो. दीड-पावणेदोन महिन्यांचा हा झिरपा वजा केला की उरले सुमारे २४.

ह्या मोटारीचा दिवा ठरलेल्या दाबापेक्षा पाव हिश्शाने दाब घटला की लागतो. ३२ चा पाव हिस्सा ८. म्हणजे दिवा लागण्याची सीमा २४! पहाटे चाके नेमकी ह्या सीमेवर येऊन उभी राहतात. दुपारी ऊन आणि पळापळ ह्यांमुळे टायर तापले की दाब पुन्हा वर चढतो आणि दिवा विझतो. सगळा उलगडा झाला असे तुम्हालाही वाटले ना?

मलाही वाटले होते. पण कागदावरचा हिशेब चाकावर ताडून पाहिल्याशिवाय त्याला उत्तर म्हणायचे नाही.

चौथे चाक

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही मापक घेऊन बसलो. गाडी रात्रभर एका जागी उभी होती. पुढचे डावे चाक २४, पुढचे उजवे २४, मागचे डावे २४. हिशेब तंतोतंत जुळत होता. मागचे उजवे चाक मात्र २१.

आता विचार करा. थंडी चारही चाकांना सारखीच. हवा भरली तो दिवसही एकच, आणि रबराचा झिरपा जवळजवळ सारखा. मग एकाच चाकात तीन पौंड कमी का? जे कारण सगळ्यांना समान लागू आहे, त्याने एकाचे वेगळेपण कधीच समजत नाही. वेगळ्या परिणामाला वेगळे कारण शोधावे लागते. ह्या चाकात थंडीखेरीज आणखी काहीतरी घडत होते.

एका भांड्यात साबणाचे पाणी कालवले आणि फडक्याने ते त्या टायरवर हळूहळू सोडले. व्हॉल्व्हच्या तोंडाशी काही नाही. टायर आणि रिंग जिथे भिडतात त्या कडेलाही काही नाही. गाडी हात-दोन हात पुढे ढकलली, तेव्हा नक्षीच्या एका खाचेत बारीक बुडबुडे वर येऊ लागले. तिथे एक चूक रुतून बसली होती. डोके झिजून खाचेच्या तळाशी गेल्यामुळे ती सहज दिसत नव्हती. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला तर तोच भोकात बुचासारखा बसतो आणि हवा अगदी सावकाश जाते.

ह्या चाकाचा दुपारचा हिशेब करून पाहा. पहाटे मापकावर २१, म्हणजे निरपेक्ष ३६. दुपारी टायरमधली हवा ४५ अंशांवर गेली, म्हणजे ३१८ केल्विन. ३६ × ३१८ ÷ २८५ = ४०.२. त्यातून १५ वजा केले की २५.२ उरतात. २४ च्या वर! म्हणून दुपारी दिवा विझत होता. चूक होतीच, गळतीही चालूच होती, पण उष्णतेने तिच्यावर पांघरूण घातले होते. दिवा विझणे म्हणजे दोष गेला, असा अर्थ नव्हता. त्या रात्री काळी पट्टी चिकटवून माय-लेक पुण्याच्या रस्त्याला लागले असते तर?

कमी हवेने टायर का फुटतो?

उन्हाळ्यात पुष्कळजण म्हणतात, "ऊन फार आहे, हवा थोडी कमीच ठेवा, नाहीतर टायर फुटेल." हा समज घातक आहे. हिशेब करू. २७ अंशांना, म्हणजे ३०० केल्विनला, ३२ पौंड हवा भरली आणि धावताना टायर ६७ अंश, म्हणजे ३४० केल्विन तापला. ४७ × ३४० ÷ ३०० = ५३.३. मापकावर सुमारे ३८ पौंड. मोटारीच्या टायरवर कमाल दाबाचा आकडा साधारण ४४ ते ५१ पौंड असा छापलेला असतो. धडधाकट टायर एवढ्या वाढीने फुटत नाही. टायर बनवणाऱ्यांनी ती जमेस धरलेलीच असते.

खरा धोका उलट्या बाजूला आहे. बाराशे किलोच्या मोटारीचा भार चार चाकांवर विभागला तर एका चाकावर ३०० किलो येतात. ३२ पौंड म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सव्वादोन किलो. ३०० ला २.२५ ने भागा. उत्तर सुमारे १३३ चौरस सेंटीमीटर. एवढाच, म्हणजे आपल्या हाताच्या पंजाएवढा, टायरचा तुकडा रस्त्याला टेकलेला असतो. चारही चाकांचे मिळून होतात ५३३ चौरस सेंटीमीटर. ए-फोर आकाराचा एक कागदही ह्याहून मोठा असतो. अख्खी मोटार आणि तिच्यातली माणसे एवढ्याशा जागेवर तोललेली असतात!

हवा २१ पौंडांवर आली की तोच भार पेलायला टायर जास्त पसरतो आणि त्याच्या बाजूच्या भिंती जास्त वाकतात. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारे चाक एका सेकंदात सुमारे १४ फेरे घेते. म्हणजे टायरचा प्रत्येक भाग सेकंदाला १४ वेळा दबतो आणि सुटतो. एखादी तार पुन्हा पुन्हा वाकवली तर ती कशी गरम होते, ते तुम्ही अनुभवले असेलच. रबराचेही तसेच होते. वाकवताना दिलेली सगळी ऊर्जा ते परत देत नाही, काही भाग उष्णतेच्या रूपाने स्वतःतच साठवते. ही उष्णता वाढत गेली की रबर आणि आतल्या धाग्यांचे थर एकमेकांपासून सुटू लागतात, आणि शेवटी टायर फुटतो. तेव्हा टायर फुटण्यामागे पुष्कळदा जास्त हवा नसून कमी हवाच असते.

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. तिथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. गावातल्या रस्त्यावर ताशी ४० ने जाताना कमी हवेचा टायर कदाचित निभावून नेईल. अशा महामार्गावर तासन् तास धावताना तो निभावेलच असे नाही. म्हणून लांबच्या प्रवासाआधी सकाळी, टायर थंड असताना दाब मोजणे ही सवय लावून घ्यावी.

आणि हो, टायरमध्ये नायट्रोजन भरला की दाब बदलतच नाही असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच आहे, आणि वायूंचा नियम दोघांनाही सारखाच लागू आहे. नायट्रोजन रबरातून थोडा सावकाश झिरपतो, एवढाच त्याचा फायदा.

चाकातला पहारेकरी

आता हा दिवा काम कसा करतो ते पाहू. ह्याचे दोन प्रकार आहेत.

पहिल्या प्रकारात दाब प्रत्यक्ष मोजत नाहीत, फक्त चाकांचे फेरे मोजतात. ब्रेक लावताना चाके घसरू नयेत म्हणून अनेक मोटारींत प्रत्येक चाकाचा वेग मोजण्याची सोय असतेच. तिचाच इथे उपयोग करून घेतात. हवा कमी झालेले चाक किंचित बुटके होते. बुटक्या माणसाला उंच माणसाबरोबर चालताना जास्त पावले टाकावी लागतात, तसे त्या चाकाला तेवढ्याच अंतरासाठी थोडे जास्त फेरे घ्यावे लागतात. समजा, चांगल्या चाकाचे एका किलोमीटरला ५०० फेरे होतात. बुटक्या चाकाचे ५०३ झाले, की मोटारीतला गणकयंत्राचा लहान भाग समजतो, ह्या चाकात काहीतरी कमी आहे. युक्ती स्वस्त आहे, पण तिची एक उणीव तुमच्या लक्षात आली का? चारही चाकांतली हवा सारखीच कमी झाली तर तुलना कोणाशी करायची? अशा वेळी साधी यंत्रणा गप्पच बसते. शिवाय हवा भरल्यावर 'आता हे प्रमाण धर' असे एक बटण दाबून तिला सांगावे लागते. ते विसरले तर ती चुकीच्या प्रमाणाशी तुलना करत राहते.

दुसऱ्या प्रकारात प्रत्येक चाकाच्या आत, बहुधा व्हॉल्व्हच्या मुळाशी, एक सेन्सर बसवलेला असतो. त्याचे वस्तुमान साधारण ३० ग्रॅम. त्यात सिलिकॉनचा एक अतिशय पातळ पडदा असतो. हवेच्या दाबाने तो वाकतो, आणि त्यावर तयार केलेल्या चिमुकल्या रोधांचा विद्युत्‌रोध त्यामुळे बदलतो. ताणामुळे सिलिकॉनचा विद्युत्‌रोध असा मोठ्या प्रमाणात बदलतो, हे चार्ल्स स्मिथ ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५४ साली दाखवून दिले. चार रोध व्हीटस्टन सेतूसारखे जोडले की हा बदल तराजूच्या काट्याप्रमाणे लगेच कळतो. सेन्सरच्या पोटात तपमानमापक, एक लिथियमचा विद्युत्‌घट आणि एक छोटा रेडिओ-प्रक्षेपकही असतो. चाक फिरत असल्याने त्याला तार जोडता येत नाही, म्हणून निरोप रेडिओलहरींनी पाठवायचा. युरोपीय पद्धतीच्या मोटारींत ह्या लहरींची कंपनसंख्या ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास असते, अमेरिकन पद्धतीच्या पुष्कळ मोटारींत ३१५. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा ओळख क्रमांक असतो. त्यामुळे शेजारून जाणाऱ्या मोटारीच्या चाकाचा निरोप आपल्या मोटारीला आपला वाटत नाही.

ह्या पहारेकऱ्याचे जिणे मोठे कष्टाचे आहे. मोटार ताशी १०० किलोमीटर वेगाने धावत असताना, चाकाच्या मध्यापासून सुमारे २२ सेंटीमीटरवर बसलेल्या ह्या सेन्सरला वर्तुळात फिरवत ठेवण्यासाठी किती बल लागते? वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, हे सूत्र वापरा. सेन्सरचा वेग सेकंदाला सुमारे १९.७ मीटर येतो आणि बल ५३ न्यूटन. म्हणजे ३० ग्रॅमची ही वस्तू जणू साडेपाच किलोची होते! ऊन, थंडी, धक्के आणि हे ओझे, सारे ती वर्षानुवर्षे सोसते. घट वाचवण्यासाठी मोटार उभी असताना ती बहुतेक वेळ झोपलेली असते. गाडी धावू लागली, की जागी होऊन ठरावीक अंतराने निरोप देते. सकाळी गाडी थोडी पुढे गेल्यावरच दिवा का लागत होता, ते आता तुम्हाला कळले असेल.

दिव्याची भाषा

ही यंत्रणा नवी वाटत असली तरी तिला बरीच वर्षे झाली आहेत. हवा भरलेला टायर प्रथम १८४५ साली रॉबर्ट थॉमसन ह्याने शोधला, पण तो विस्मृतीत गेला. १८८७ साली बेलफास्टमधील जॉन बॉइड डनलॉप ह्या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तो पुन्हा शोधून काढला. त्यातल्या दाबावर मोटारीतूनच लक्ष ठेवण्याची सोय असलेल्या पहिल्या मोटारींत, १९८६ साली आलेल्या पोर्शे ९५९ ह्या जर्मन स्पोर्ट्स मोटारीचे नाव घेतात. पुढे टायर निकामी होऊन अनेक माणसे दगावल्यामुळे अमेरिकेत २००० साली कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून तिथल्या सर्व नव्या हलक्या मोटारींना ही यंत्रणा सक्तीची झाली. भारतात २०२० साली मोटारवाहन नियमांत दुरुस्ती झाली. ट्यूबलेस टायर, पंक्चर काढण्याचे साहित्य आणि ही यंत्रणा असलेल्या छोट्या मोटारींना स्टेपनी न ठेवण्याची सवलत मिळाली. ज्या मोटारीत स्टेपनी नाही, तिच्यात ह्या दिव्याचे महत्त्व किती वाढते ते सांगायला नको.

ह्या दिव्याची भाषा दोन शब्दांची आहे. दिवा लागला आणि तसाच स्थिर राहिला, तर तो म्हणतो, "हवा पाहा." गाडी सुरू केल्यावर दिवा मिनिट-दीड मिनिट उघडझाप करून मग स्थिर राहिला, तर तो बहुधा म्हणत असतो, "मला पाहा." म्हणजे दोष यंत्रणेतच आहे. आमचा दिवा स्थिर लागत होता. दोष हवेत होता, सेन्सरमध्ये नव्हता. चार नवे सेन्सर घेतले असते तरी ती चूक तशीच राहिली असती!

पंक्चर काढून, थंड टायरांत ३२ पौंड हवा भरून माझा विद्यार्थी पुण्याला गेला. दिवा गप्प झाला. पुढे दोन महिन्यांनी त्याचा फोन आला : "सर, दिवा पुन्हा लागला. पण ह्या वेळी आधी उघडझाप करतो." मी विचारले, "हवा मोजलीस?" त्याने मोजली होती. चारही चाकांत ३२ च्या आसपास. मग त्याने सेन्सरचा निरोप ऐकणारे हातातले यंत्र असलेल्या कारागिराकडे गाडी नेली. तीन चाकांनी आपापला क्रमांक आणि दाब सांगितला. पुढचे डावे चाक मुके राहिले. त्याच्या सेन्सरचा घट संपला होता. अशा घटाचे आयुष्य साधारण पाच ते दहा वर्षे. मोटार २०१० सालची, तेव्हा ह्यात नवल नव्हते. घट राळेत पक्का बसवलेला असतो, तो एकटा बदलता येत नाही. म्हणून तेवढा एक सेन्सर नवा घालावा लागला. तो त्याच कंपनसंख्येचा घेतला आणि त्याचा क्रमांक मोटारीला शिकवला. काम झाले.

घट संपण्याखेरीज सेन्सर बिघडण्याची आणखीही कारणे असतात. टायर काढताना पहारीचा फटका बसून तो तुटतो. पंक्चर बुजवण्याचा चिकट द्रव आत ओतला तर कधी त्याचे भोक बुजते. म्हणून टायर काढणाऱ्याला "आत सेन्सर आहे" असे आधीच सांगावे.

तुम्ही करून पाहा

१. प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटलीचे झाकण भर दुपारी उन्हात घट्ट लावा आणि बाटली रात्रभर गारठ्यात ठेवा. सकाळी तिच्या पोटाला खळगा पडलेला दिसेल. आतली हवा बाहेर गेलेली नाही, फक्त निवली आहे. झाकण न उघडता बाटली पुन्हा उन्हात ठेवा आणि काय होते ते पाहा.

२. तुमच्या सायकलचे मागचे चाक ओले करून आलेख-कागदावर ठेवा आणि मित्राला सायकलवर बसवा. त्याला उतरवून चाक उचला आणि कागदावर उमटलेल्या ओल्या ठशाचे चौरस सेंटीमीटर मोजा. मागच्या चाकाखाली वजनकाटा आणि पुढच्या चाकाखाली तेवढ्याच उंचीची वीट ठेवून, मित्र बसलेला असताना त्या चाकावरचा भारही मोजा. समजा, भार ४२ किलो आणि ठसा १२ चौरस सेंटीमीटर. भागाकार ३.५. त्याला १४.२ ने गुणा. दाब सुमारे ५० पौंड आला! सायकलच्या दुकानातील मापकाने तो ताडून पाहा. थोडा फरक पडेल, कारण टायरची भिंतही थोडा भार उचलते.

आमच्या भागातले टायरगाडीवाले गाडी जुंपण्यापूर्वी चाकावर टाच मारून पाहतात. हवा भरपूर असली की टाच उसळून परत येते, कमी असली की आत रुतल्यासारखी होते. त्यांच्याकडे सेन्सर नाही, दिवा नाही. पण निघण्यापूर्वी चाकाकडे पाहायचे, हे त्यांना पक्के ठाऊक असते. तुमच्या घरी मोटार असेल, तर उद्या सकाळी ती हलण्यापूर्वी वडिलांना किंवा आईला विचारा, "चाकांतली हवा शेवटची केव्हा मोजली? आणि तेव्हा टायर थंड होते ना?"